नम्रतेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली चोवीस वर्षं मी कोल्हापुरात शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चमधल्या मुलांची बायबलची शाळा, घेते. तेव्हाची मुलं मोठी झाली, आता त्यांची मुलं माझ्यापुढे बसतात. नम्रतेचा पाठ आला की प्रश्न मात्र तेच येतात. काही मुलांचे असतात, बरेचसे त्यांच्या आयांचे, आणि काही उपासना सुटल्यावर चहाचा कप हातात घेऊन बाजूला ओढून विचारलेले. मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. पण या प्रश्नांशी मी स्वतः पुष्कळ झगडले आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणं का?

नाही. आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एखादी मुलगी सुरेल गाते. तिला गीत म्हणायला सांगितलं की ती मान खाली घालून म्हणते, "मला कुठं येतंय?" आणि सगळे म्हणतात, किती नम्र पोर आहे. मला तसं वाटत नाही. तिला येतं, आणि येतं हे तिला ठाऊकही आहे. प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (अध्याय 12, वचन 3) सांगतो की आपल्या योग्यतेपेक्षा स्वतःला अधिक समजू नका, समंजसपणे समजा. म्हणजे वजन खरं हवं. गुजरीतल्या सोनाराच्या काट्याला जास्त दाखवलेलं चालत नाही आणि कमी दाखवलेलंही चालत नाही.

मला स्वतःला मातीचा दृष्टान्त जवळचा वाटतो. लॅटिनमध्ये नम्रतेसाठी जो शब्द आहे तो मातीच्या, जमिनीच्या शब्दावरून आलेला आहे. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला मातीतून घडवतो, आणि हिब्रू भाषेत माणूस आणि जमीन हे शब्द एकाच घरातले वाटावेत इतके जवळचे आहेत. कोल्हापूरकराला हे फार समजावून सांगावं लागत नाही. तालमीत उतरणारा पैलवान आधी आखाड्याच्या मातीला हात लावतो, तो हात कपाळाला लावतो आणि मग शड्डू ठोकतो. मातीला हात लावला म्हणून तो दुबळा ठरत नाही. आपण कुठे उभे आहोत आणि आपल्याला कुणी घडवलं, एवढं तो विसरत नाही. तेवढं लक्षात ठेवून जगणं म्हणजे नम्रता, असं मी मुलांना सांगते.

बायबलमध्ये सद्गुण पुष्कळ आहेत. नम्रतेलाच एवढं महत्त्व का?

कारण बाकी सगळं तिच्या वाटेनं आत येतं. याकोब (4:6) आणि येशूचा शिष्य पेत्र (पहिलं पत्र, 5:5) दोघेही आपापल्या पत्रात नीतिसूत्रे या जुन्या पुस्तकातलं एकच वचन सांगतात, की देव गर्विष्ठांना विरोध करतो आणि लीनांवर कृपा करतो. कृपा म्हणजे आपण न कमावलेलं देणं. आणि देणं घ्यायला हात रिकामा लागतो. ज्याची मूठ स्वतःच्या पुण्याईनं, पदानं, घराण्याच्या नावानं आवळलेली आहे, त्याच्या हातात देवानं काय आणि कसं ठेवायचं?

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो नगराचे बिशप ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी एका तरुण विद्यार्थ्याला पत्रातून उत्तर दिलं होतं. सत्याकडे जाण्याची पहिली वाट कोणती? नम्रता. दुसरी? नम्रता. तिसरी? तीही नम्रताच. जितक्या वेळा विचारशील तितक्या वेळा हेच सांगेन, असं त्यांनी लिहिलं. त्या विद्यार्थ्याला आपल्या विद्वत्तेचा फार सोस होता, म्हणून त्याला हे उत्तर मिळालं.

आणखी एक. पौलाच्या काळच्या ग्रीक बोलण्यात नम्रतेच्या शब्दाला बहुतेक वेळा हलकेपणाचा वास असे. हलक्या प्रतीचा, गुलामी वृत्तीचा माणूस असा त्याचा अर्थ. तो सद्गुण मानला जाऊ लागला तो ख्रिस्ताकडे पाहून. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की ख्रिस्तानं देवाच्या बरोबरीचं असणं धरून ठेवलं नाही, स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं आणि वधस्तंभावरच्या मरणापर्यंत तो आज्ञाधारक राहिला. हे पत्र गेलं ते गावही पाहण्यासारखं आहे. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती, निवृत्त सैनिकांची. तिथं दगडांवर कोरलेले लेख सापडतात त्यांत माणसाचं नाव आणि पुढे त्यानं भूषवलेल्या पदांची माळ असते. आपल्या चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या डिजिटल फलकांवर जसं नावाखाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, सल्लागार असं लिहिलेलं असतं, तसंच. अशा गावातल्या लोकांना पौल ज्याची महती सांगतो आहे तो पायरी पायरीनं खाली उतरतो. आणि त्याच पत्रात पुढे (4:2) युवदीया आणि सुंतुखे या मंडळीतल्या दोन स्त्रियांना तो एकचित्त व्हा म्हणून विनवतो. म्हणजे एवढं उंच ख्रिस्तगान लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे मंडळीतलं एक साधं भांडणही होतं. मला याचा फार आधार वाटतो.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले. आपल्याकडे मोठ्यांच्या पाया पडतातच. मग यात वेगळं काय?

आपल्याकडे लहान माणूस मोठ्याच्या पायाशी जातो. इथं गुरू शिष्यांच्या पायाशी बसला, आणि नमस्काराला नव्हे, मळ काढायला. धुळीच्या रस्त्यानं उघड्या पायताणात चालून आलेले ते पाय होते. हे काम हलकं समजलं जाई, घरात गुलाम असला तर त्याच्या वाट्याला येई.

योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्यानं सांगितलेल्या येशूच्या चरित्राचा, तेरावा अध्याय वाचताना तिसरं वचन आपण घाईत ओलांडतो. पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे येशूला ठाऊक होतं, असं तिथं लिहिलं आहे. हे ठाऊक असताना तो उठला, बाह्यवस्त्र काढून ठेवलं, रुमाल कमरेला बांधला आणि गंगाळात पाणी ओतलं. स्वतःविषयी ज्याच्या मनात शंका नाही, ज्याला काही सिद्ध करायचं नाही, त्यालाच असं खाली बसता येतं. आपण वाकत नाही याचं मूळ बरेचदा भीतीत असतं. वाकलो तर लोक काय म्हणतील, आपली किंमत उतरेल, अशी ती भीती.

आणि त्या पंगतीत येशूला पुढे शत्रूंच्या हाती देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत होता. तो उठून बाहेर गेला तो नंतर. त्याचेही पाय धुतले गेले होते. त्या वचनापाशी आले की मी दर वर्षी थांबते.

पण या अध्यायात मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते पेत्रानं. "माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत," असं तो म्हणतो. वरवर किती नम्र बोलणं! येशू मात्र त्याला सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही.

पेत्राचं हे नाकारणं मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. एका वर्षी उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री आमच्याकडे पाय धुण्याचा विधी ठेवला. धुणाऱ्यांची यादी दोन दिवसांत भरली. धुऊन घ्यायला मात्र कुणी पुढे येईना. शेवटी बारा खुर्च्यांवर बारा जण कसेबसे बसले, आणि मग कळलं की जवळजवळ प्रत्येक जण घरून साबणानं पाय घासून आला होता. एका बहिणीनं टाचांच्या भेगा दिसू नयेत म्हणून साडी पायांवर ओढून धरली होती. तिचे पाय धुवायला मी बसले होते. साडी वर घ्या, असं म्हणायचा मला धीर झाला नाही, आणि मी बोटांवरच पाणी घातलं.

मग सेवा करणारा माणूस आपोआप नम्र होतो ना?

मी पुष्कळ वर्षं असंच समजत होते. नाताळात साड्या वाटणं, आजाऱ्यांना भेटणं, अंत्यविधीच्या घरी डबा पोचवणं, सगळ्यांत मी पुढे. मला कुणी गर्विष्ठ म्हटलं असतं तर मला खरोखर आश्चर्य वाटलं असतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला. आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला तळमजल्यावर राहतो. रात्री अंगणात पाणी दिसलं आणि सकाळी ते ओट्याला लागलं. सासूबाईंना घेऊन आम्ही एका शाळेत गेलो. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, गावात दूध नाही, भाजी नाही, पेट्रोल नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक बाई पिशवीतून डबे घेऊन त्या शाळेत आली. गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी तिला ओळखत होते. आमच्या महिला मंडळाच्या नाताळच्या यादीत दर वर्षी तिचं नाव असायचं, एक साडी आणि पाच किलो तांदूळ. ती यादी माझ्या अक्षरात असायची.

तिनं डबा पुढे केला. पिठलं-भाकरी होती. मी म्हटलं, "नको, आमचं झालंय. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

आमचं झालं नव्हतं. सकाळपासून आम्ही चहा-बिस्किटांवर होतो. मी खोटं बोलले, प्रार्थनेची वही मांडीवर असताना. ती म्हणाली, "बाई, घ्या की वो. गरम हाय तवर खावा." सासूबाईंनी माझ्या पलीकडून हात काढून डबा घेतला.

त्या रात्री मला जे उमगलं ते एवढंच, की इतकी वर्षं मी फक्त वरच्या बाजूनं हात पुढे केला होता. देणाऱ्याचा हात वर असतो. खालच्या बाजूनं हात धरायची वेळ आली तेव्हा माझा हात पुढे आलाच नाही. सेवेनं माणूस नम्र होऊ शकतो. पण देणं ही स्वतःला उंच ठेवायचीही एक रीत असू शकते, आणि ती फार लपून राहते, कारण तिला सगळे चांगलं म्हणतात.

शुभवर्तमानं मी नंतर पुन्हा वाचली तेव्हा येशू घेताना दिसू लागला. त्यानं शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितलं. बोलायला दुसऱ्याचं तारू घेतलं, यरुशलेमेत शिरायला दुसऱ्याचं शिंगरू. मग्दालीया मरीया, योहान्ना, सुसान्ना आणि आणखी पुष्कळ स्त्रिया आपल्या पैशाअडक्यानं त्याची आणि शिष्यांची सोय करत, असं लूक (8:1-3) स्पष्ट लिहितो. त्याचा वधस्तंभ काही अंतर कुरेनेकर शिमोनानं वाहिला, आणि त्याला ठेवलं तेही अरिमथाईकर योसेफाच्या कबरेत. सगळं ज्याच्या हाती दिलेलं होतं तो दुसऱ्याच्या हातून घेत राहिला, आणि घेताना कुठे संकोचल्याचं दिसत नाही.

पूर ओसरल्यावर घर धुऊन घ्यायला दोन आठवडे गेले. मग मी तो डबा परत करायला निघाले. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून करंज्या भरल्या होत्या, जरा जास्तच. तिनं झाकण उघडून पाहिलं आणि हसून म्हणाली, "बाई, एक डाव तरी रिकामा परत करा की." करंज्या तिनं ठेवून घेतल्या. पण तिचं म्हणणं बरोबर होतं. मी परतफेड करायला गेले होते.

आमच्या बापजाद्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकवलं गेलं. आता ख्रिस्ती झाल्यावरही आम्हीच नम्र व्हायचं का?

हा प्रश्न एका निवृत्त गृहस्थांनी मला विचारला होता. त्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता. याचं उत्तर घाईत देऊ नये असं मला वाटतं.

वाकवलं जाणं आणि वाकणं या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत. ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं ते उंचीवरून, स्वतःच्या इच्छेनं. ज्याची उंचीच हिरावून घेतली त्याला आणखी खाली बस म्हणणं याला शुभवर्तमानात आधार नाही. येशूची आई मरीया हिच्या गीतात (लूक 1:52) देव अधिपतींना आसनांवरून ओढून खाली काढतो आणि दीनांना उंच करतो. त्या दीनांसाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याच्याच कुळातला शब्द पुढे नम्रतेसाठी येतो. तेव्हा एकाच वचनाच्या दोन बाजू आहेत. जो आसनावर आहे त्यानं उतरायचं आणि जो धुळीत आहे त्यानं उठायचं. नम्रतेचा उपदेश आधी आसनावरच्यांना करायचा असतो. आपल्या देशात तो कित्येकदा उलट्या दिशेनं केला गेला, आणि त्यात धर्माचं नाव वापरलं गेलं.

या गावात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी आपल्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्याचा जाहीरनामा काढला. आणि गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचं हॉटेल घालून दिलं, स्वतः तिथं जाऊन चहा घेतला आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावला. छत्रपती एका अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा कप घेतो. शाहू महाराज ख्रिस्ती नव्हते, पण घेणारा हात म्हणजे काय हे मला त्या कपातून जास्त चांगलं समजलं. गंगाराम मात्र तिथं वाकला नाही. तो मालक झाला, गल्ल्यावर बसला.

आणि आपल्या मंडळ्यांविषयी खरं बोलायचं तर प्रभुभोजनाला आपण एका मेजाभोवती येतो, पण सोयरीक जमवताना अजून हळूच "मूळचे कोण?" असं विचारतो. करिंथ नगरातल्या मंडळीत प्रभुभोजनाला जमल्यावर श्रीमंत आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा पौलानं त्याला देवाच्या मंडळीचा अवमान म्हटलं होतं (1 करिंथ 11). आपल्यालाही तो दुसरा शब्द वापरणार नाही. म्हणून त्या गृहस्थांना मी सांगितलं, की काका, तुम्ही ताठ बसा, पुढच्या बाकावर बसा. तुमच्याआधी बाकीच्यांनी वाकायचं आहे.

घरात बाईनंच कायम नमतं घ्यायचं का?

नाही. इफिसकरांस पत्रात पत्नीविषयीच्या वचनाच्या आधी एक वचन आहे (5:21), एकमेकांच्या अधीन असा. ते वगळून पुढचं वाचू नये.

आणि नवरा हात उगारत असेल तर तिथं नम्रतेचा विषयच नाही. मार खाऊन गप्प राहणं हे ख्रिस्ती स्त्रीचं कर्तव्य नव्हे. बाहेर पडा, माहेरी सांगा, पाळकांना सांगा, पोलिसांत जा. कुणी तुम्हाला बायबल दाखवून परत पाठवत असेल तर त्याचं ऐकू नका.

मंडळीच्या कारभारात चूक दिसली तर गप्प राहणं नम्रपणाचं नाही का?

बायबलमधल्या गणना या पुस्तकात (12:3) इस्राएलांचा पुढारी मोशे याला पृथ्वीवरच्या सर्व माणसांत नम्र म्हटलं आहे. हाच मोशे मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, पुन्हा पुन्हा जाऊन उभा राहिला होता. आणि अंत्युखिया नगरात पेत्र यहूदी नसलेल्या बंधूंबरोबर जेवायचं टाळू लागला तेव्हा पौलानं त्याला तोंडावर, सगळ्यांसमोर अडवलं (गलती 2). तेव्हा हिशेबात खोट दिसली तर विचारा. नम्रता पाहायची ती विचारण्याच्या रीतीत. आधी कागद स्वतः नीट वाचलेत का? ज्याला विचारायचं त्याला एकट्याला आधी भेटलात का? आपलंच चुकलं असं निघालं तर ते त्याच सभेत, त्याच आवाजात कबूल करायची तयारी आहे का? ही तयारी असेल तर बोला. मी एकदा तयारी न करता बोलले होते. बेरीज माझीच चुकली होती, आणि माफी मागायला मला चार रविवार लागले.

मोशेची गोष्ट अजून एवढी, की ते वचन आलं आहे ते त्याचे सख्खे बहीणभाऊ मिर्याम आणि अहरोन त्याच्याविरुद्ध बोलत असताना. तो स्वतःच्या बाजूनं एक शब्द बोलत नाही. त्याचं तोंड उघडतं ते मिर्यामेला कोड फुटल्यावर, तिला बरं कर म्हणून.

कोल्हापूरकर बोलायला रांगडा. असा माणूस नम्र कसा होणार?

रांगडेपणा म्हणजे गर्व नव्हे. गोड बोलून आतून तुच्छ लेखणारी माणसंही असतात, आणि "काय रं, जेवलास का?" असं ओरडून विचारणाऱ्याच्या स्वरात जी आपुलकी असते ती सगळ्यांना कळते. आवाज बदलायची गरज नाही. "आपला नाद करायचा नाही" हे मात्र तपासून पाहावं. ते गमतीनं म्हटलं तर ठीक आहे. घरात, बायकामुलांशी, हाताखालच्या माणसाशी खरंच तसं वागत असू तर ते सोडावं लागेल.

कुणी स्तुती केली तर काय म्हणावं?

धन्यवाद. तेवढं पुरे. "छे छे, मी कुठं, सगळं प्रभूचं" असं लगेच म्हणायची सवय आपल्याला लागली आहे. मनापासून असेल तर छानच, पण बहुतेकदा त्यानं समोरच्याला तेच पुन्हा एकदा म्हणावं लागतं. प्रभूला त्याचं श्रेय घरी, दार लावून प्रार्थना करताना द्यावं. दानाच्या फोटोंचंही मला तसंच वाटतं. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू देऊ नका, असं आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकलेल्या फोटोत देणारा हसत असतो. घेणाऱ्याचा चेहरा एकदा नीट पाहा.

शिकलेल्या, हुशार माणसाला नम्र राहणं जास्त अवघड जातं का?

जात असावं. पण पंडिता रमाबाईंकडे पाहा. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांच्या संस्कृतच्या व्यासंगासाठी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. त्या वेळी त्या विशीत होत्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विधवा, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली यांच्यात त्यांनी आयुष्य घातलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांवरून, त्यांनी सबंध बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या वारल्या तोवर ते काम चाललं होतं. आणि मराठी कोणती निवडली? साधी. संस्कृतप्रचुर लिहिणं ज्यांना सगळ्यांत सोपं गेलं असतं, त्यांनी खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशी भाषा धरली. आपली विद्या बाजूला टाकली नाही. सगळी विद्या पणाला लावली, पण ती वाचणाऱ्या बाईच्या कामी यावी म्हणून. पाठ घेताना एखादा जड शब्द तोंडात आला की मला त्या आठवतात आणि मी शब्द बदलते.

वारकरी संतांनी नम्रताच शिकवली. मग ख्रिस्ती नम्रता वेगळी कशी?

ज्यांनी वारी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. वय नाही, जात नाही, कोण आधी कोण नंतर नाही. ते पाहून माझे डोळे भरून येतात, आणि त्यातून शिकायला मला कमीपणा वाटत नाही. कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तचरणी आलो, असं ते सांगत. ज्या पुलावरून आलो तो मोडायचा नसतो.

माझ्या विश्वासात मला जे वेगळं दिसतं ते असं, की इथं भक्ताच्या आधी देव वाकतो. रुमाल त्याच्या कमरेला आहे. माझ्या नम्रतेची सुरुवात माझ्या वाकण्यापासून होत नाही, त्याला माझे पाय धुऊ देण्यापासून होते.

मुलांना नम्रता कशी शिकवावी?

त्यांची माफी मागून. चुकीचं रागावलो असू तर त्यांच्या उंचीला येऊन सरळ म्हणावं, "माझं चुकलं." पुढे "पण तूही" जोडू नये.

मी नम्र होते आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

लूक 18 मधल्या दृष्टान्तातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून नेमकं हेच तपासत होता. लोक ज्याला पापी समजत त्या जकातदाराच्या शेजारी तो स्वतःला ठेवून मोजत होता. जकातदारानं शेजारी कोण आहे हे पाहिलंच नाही. तेव्हा मोजायचं सोडावं, असं मी सांगेन.

तरी मुली चिकाटीनं विचारतात, बाई, निदान सुरुवात कुठून करू? मग मी त्यांना म्हणते, या आठवड्यात कुणाकडे तरी काहीतरी मागा. ज्याच्याकडून काही शिकायला, घ्यायला आपल्याला नको वाटतं, त्याच्याकडे. उसनी साखर चालेल, सल्ला चालेल, "माझ्यासाठी प्रार्थना करशील का?" हेही चालेल.

मीही करते. मागच्या महिन्यात नववीतल्या एका मुलाला म्हटलं, उपासनेची लिंक सगळ्यांना कशी पाठवायची ते मला शिकव. त्यानं तीनदा दाखवलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्यानं फोन माझ्या हातात दिला, शेजारी बाकावर बसला आणि म्हणाला, "बाई, सावकाश. आधी हे हिरवं उघडा."